उमरग्याहून सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि वेळ

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा अधिकार फारसा नाही. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, वडिलांच्या पायांशी बसून केलेले थोडे संस्कृत आणि उमरग्याच्या परिसरात चौतीस वर्षे केलेली शाळामास्तरकी, एवढीच आमची पुंजी. सोलापूर, लातूर, तुळजापूर, पंढरपूर आणि लग्नकार्यानिमित्त पुणे ही आमची पृथ्वीप्रदक्षिणा. परंतु मुली-मुले परदेशी असलेली घरे आता वाड्यावाड्यांत झाली आहेत. आणि अशा प्रत्येक घरात एक प्रश्न कोणी ना कोणी मनातल्या मनात विचारीत असतो. आमच्या घरी तो आमच्या मातोश्रींनी उघड विचारला, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२४ च्या वैशाखात आमच्या कन्येच्या प्रथम प्रसूतीसाठी सहकुटुंब कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे जाण्याचे ठरले. तिकिटे आली, व्हिसा मिळाला, मेतकूट-डिंकाच्या लाडवांचे डबे भरले गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी आई ओसरीवर बसली होती. वय सत्याऐंशी, दृष्टी अधू, पण हिशेब पक्का. तिने शांतपणे विचारले, "मला काही झालं, तर तू किती वेळात येशील रे?"

आम्ही म्हणालो, "आई, विमान सोळा तासांत पोहोचते."

"विमानाचं नाही विचारलं. तू किती वेळात येशील?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. आयुष्यभर मुलांना अंतरे शिकविणाऱ्या मास्तरास आपल्या आईचे गणित सुटले नाही, ही गोष्ट मनास लागून राहिली.

हा प्रश्न तिला उगाच सुचलेला नव्हता. आईचे माहेर सोलापूरपलीकडील एका खेड्यातले. उमरग्याहून सोलापूर अवघे पंचाण्णव किलोमीटर. हल्ली हमरस्त्याने दोन तासांचा मामला. पण १९५६ च्या श्रावणात तिची आई अत्यवस्थ झाली, तेव्हा पावसाने ओढेनाले भरलेले, मोटारी बंद. निरोप घेऊन माणूस आला तोच दोन दिवसांनी. मग बैलगाडी जुंपली. पहिला मुक्काम जळकोटास, दुसरा नळदुर्ग ओलांडून, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माहेरच्या वेशीत. म्हणजे निरोप निघाल्यापासून पाचव्या दिवशी आई पोहोचली. तोवर अस्थीही सावडून झाल्या होत्या. त्या दिवसापासून अंतर तिने कोसांत मोजले नाही, मैलांत नाही आणि किलोमीटरांत तर नाहीच. 'पोहोचायला किती वेळ' हेच तिचे एकमेव माप.

आमचे माप निराळे होते. वर्गाच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा असे. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणी टाचण्या टोचावयाच्या, मधून दोरा ताणावयाचा, दोऱ्याची लांबी पट्टीवर मोजावयाची आणि प्रमाणाने गुणून अंतर काढावयाचे. हा पाठ आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या रुबाबात घेतला. आमची कन्या सहावीत आमच्याच वर्गात होती. एके दिवशी ती उभी राहून म्हणाली, "सर, पृथ्वी गोल आहे ना? मग दोरा सपाट भिंतीवर कशाला लावायचा?" वर्ग हसला. आम्ही तिला "खाली बस" म्हणून गप्प केले. ती चूक तिची नव्हती, आमची होती, हे कळण्यास आम्हांस पासष्टाव्या वर्षी विमानात बसावे लागले.

निघण्याच्या सोमवारी गावातील प्राचीन महादेवाचे दर्शन घेतले, आईच्या पायांवर डोके ठेवले आणि सायंकाळी सहा वाजता जीपगाडीने प्रस्थान ठेवले. उमरग्यास हैदराबादचा विमानतळ त्यातल्या त्यात सोयीचा. हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी करीत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर रस्ता कापून, वाटेत दशम्या सोडून, रात्री अकरा वाजता शमशाबादेस पोहोचलो. तेथे सामानाचे वजन, तपासण्या, शिक्के आणि प्रतीक्षा यांत पाच तास गेले. पहाटे चार वाजता विमान उडाले व पावणेचार तासांनी दुबईस उतरले. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून तेथे सवासहाच वाजले होते. पुढचे विमान नऊ वाजता. ते थेट सॅन फ्रान्सिस्को.

आसनासमोरच्या लहानशा पडद्यावर विमानाची वाट दिसते. आमची अपेक्षा अशी की विमान पश्चिमेस वळेल. अरबस्तान, आफ्रिकेची उत्तर बाजू आणि अटलांटिक महासागर ओलांडील. भिंतीवरचा दोरा तसाच तर जात असे! परंतु विमानाने नाक केले ते नीट उत्तरेस. इराण गेला, कास्पियन समुद्र गेला, रशियाची अफाट भूमी आली आणि तरीही विमान उत्तरेसच चालले. सौभाग्यवतींनी घाबरून विचारले, "अहो, वाट तर नाही ना चुकला हा?" आम्ही वरवर धीर दिला, पण मनात शंका आमच्याही होतीच.

मग खिशातील कागद काढून गणित मांडले, आणि डोळ्यांवरची झापड उडाली. वाचकांनीही मुलांना जवळ बसवून हे गणित करून पाहावे. दुबईचा रेखांश पूर्व ५५ अंश, सॅन फ्रान्सिस्कोचा पश्चिम १२२ अंश. दोहोंची बेरीज १७७, म्हणजे १८० ला थोडी कमी. याचा अर्थ, ही दोन नगरे उत्तर ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंस आहेत. डोंगराच्या या पायथ्याहून त्या पायथ्यास जाणाऱ्याने शिखर ओलांडावे, तसे ध्रुवावरून जाणे हीच त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट. दुबईचा अक्षांश सुमारे सव्वापंचवीस. तेथून ध्रुव पावणेपासष्ट अंश दूर. सॅन फ्रान्सिस्कोचा अक्षांश सुमारे साडेसदतीस. तेथून ध्रुव साडेबावन्न अंश दूर. एकूण सुमारे ११७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर; तेव्हा अंतर झाले सुमारे १३,००० किलोमीटर. याउलट आमचा भिंतीवरचा दोरा विमानाने धरला असता, तर त्यास सुमारे १७,००० किलोमीटर कापावे लागले असते! नकाशावरची सरळ रेघ पृथ्वीवर वाकडी ठरते आणि पृथ्वीवरची सरळ वाट नकाशावर वाकडी दिसते. चौतीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची आम्ही मनोमन क्षमा मागितली. त्यांतल्या एका विद्यार्थिनीची विशेष.

हे ज्ञान आपणांस सर्वस्वी परके होते असेही नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला आहे. त्या मापाने आमची ध्रुवावरची वाट सुमारे १,६१६ योजनांची भरते. सूर्यसिद्धान्तात विषुववृत्तावर नव्वद नव्वद अंशांवर चार नगरे कल्पिली आहेत. लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यमकोटीस मध्याह्न, सिद्धपुरास सूर्यास्त आणि रोमकास मध्यरात्र असते. उन्हाळ्यात उमरगा आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर असते. आमच्या ओसरीवर उजाडते तेव्हा कन्येच्या अंगणात संध्याकाळ होत आलेली असते. आम्ही सिद्धपुराचा श्लोक लहानपणी घोकला; कन्या त्याच बाजूच्या मुलखात जाऊन राहिली!

आणि मेरू? ज्योतिषग्रंथांतील मेरू तो उत्तर ध्रुवच. तेथे सहा महिने दिवस व सहा महिने रात्र, आणि तोच देवांचा अहोरात्र, असे आपण वाचतो. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात असल्याचे प्रतिपादिले. ते मत आज विद्वानांस मान्य नाही. पण खिडकीची झडप किंचित वर करून खाली पाहिले, तेव्हा त्या ग्रंथाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. क्षितिजापर्यंत पांढरे हिम, त्यात निळसर भेगा, आणि सूर्य आकाशात खालच्या अंगास स्थिर असल्यासारखा. तो मावळेचना. दुबईस सकाळी नऊला पाहिलेला सूर्य सोळा तासांनंतरही आकाशातच! सायंसंध्या कधी करावी, हा प्रश्न आमच्यापुढे खरोखरीच उभा राहिला. शेवटी उमरग्याचे घड्याळ प्रमाण धरून, आसनावर बसल्या बसल्या, मनातच संध्या केली. ज्या घरी आई सांजवात लावीत असेल, तेथील संध्याकाळ ती आमची संध्याकाळ, असा निर्णय आम्हीच दिला. धर्मशास्त्र्यांनी तो चुकीचा ठरविल्यास आम्ही मान तुकवू.

ध्रुवावरून प्रवासी नेणे ही गोष्ट फार जुनी नाही. १९५४ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनहून लॉस एंजेलिसला ध्रुवप्रदेशावरून नियमित विमाने जाऊ लागली. तीही वाटेत थांबत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विलयास गेल्यानंतर रशियाचे आकाश हळूहळू मोकळे झाले, तेव्हा ध्रुवावरच्या थेट वाटा रुळल्या. ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले एअर इंडियाचे विमान ध्रुवावरून बंगळूरास आले. ते कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखालील सर्वस्वी स्त्रियांच्या पथकाने आणले होते. सुमारे चौदा हजार किलोमीटरांचा तो प्रवास सतरा तासांच्या आसपासचा. आपल्या मुलींना ही हकीकत अवश्य सांगावी.

त्याहून जुनी एक हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवस! त्या काळी समुद्र ओलांडला म्हणून माणसे वाळीत पडत. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या जून महिन्यात आमचे उमरगे अजून निजामाच्या राज्यात होते. नळदुर्गाच्या पलीकडे सोलापूर हा दुसरा मुलूख, मध्ये जकातीचा नाका आणि अलीकडे हाली शिक्क्याचे निराळे चलन. आमचे आजोबा सोलापूरच्या बाजारी जात तेव्हा पैसे बदलून घेत. आम्ही डॉलर बदलून घेताना त्यांचीच आठवण झाली. परदेश हा प्रत्येक पिढीस आपापल्या जागी असतो. एकास तो नळदुर्गापलीकडे लागतो, दुसऱ्यास ध्रुवापलीकडे.

सॅन फ्रान्सिस्कोस उतरलो तेव्हा तेथे मंगळवारचे दुपारचे दोन वाजले होते. पासपोर्टाची तपासणी, सामान, जावईबापूंची गाठ यांत पावणेदोन तास आणि मोटारीने सॅन होजेस पाऊण तास. साडेचार वाजता कन्येच्या दारात पाऊल टाकले. तिकडे उमरग्यात बुधवारची पहाट होऊन पाच वाजले होते. आता आईच्या प्रश्नाचे उत्तर मांडता येत होते. घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत पस्तीस तास. त्यांपैकी आकाशात पावणेवीस. उरलेले सव्वापंधरा तास रस्त्यावर, रांगेत आणि बाकांवर. तिकीट विकणारा आकाशातले तास सांगतो. आई उंबऱ्याचे तास विचारते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. उमरग्याहून सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या पाठीवरून सरळ मोजल्यास सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे. दुबईमार्गे गेल्याने हैदराबादपासून आमचे आकाशातले अंतर साडेपंधरा हजारांवर गेले. म्हणजे दोन हजार किलोमीटरांचा वळसा. कालिदासाच्या यक्षाने मेघास उज्जयिनी पाहून पुढे जाण्याचा आग्रह केला, तोही वळसाच. यक्षाने तो सौंदर्यासाठी सुचविला. आम्ही तो तिकिटाच्या दरासाठी घेतला. विरही माणसाचा निरोप मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच आहे, आणि पोहोचेपर्यंतचा काळही तितकाच लांब.

ज्येष्ठात कन्येस मुलगी झाली. बारसे झाले, पाळणा म्हटला, आणि फोनच्या पडद्यावर पणजीने पणतीचे तोंड पाहिले. चित्र एका क्षणात येते; माणूस येत नाही, हे आम्हांस त्यानंतर लवकरच कळावयाचे होते.

श्रावणातल्या एका गुरुवारी रात्री आठ वाजता फोन वाजला. उमरग्यात शुक्रवारची सकाळ होती, साडेआठ. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, आईला न्यूमोनिया झालाय. शुद्धीवर आहे, पण डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत." श्रावण हे नाव ऐकताच आमच्या पोटात कालवले. आठवली ती १९५६ सालची बैलगाडी.

सौभाग्यवतींनी बाळंतिणीजवळ राहावे, आम्ही एकट्यानेच निघावे, असे ठरले. कन्येने रात्रभर बसून तिकीट मिळविले. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबारा वाजता तिच्या दारातून निघालो. पुन्हा तीच वाट, पण आता शिखराच्या त्या बाजूने. या खेपेस आम्ही खिडकीबाहेर पाहिले नाही. पडद्यावर उरलेले तास तेवढे पाहत होतो. ताशी नऊशे किलोमीटरांचा वेग लिहून येत होता; आम्हांस विमान बैलगाडीच्या चालीने चालल्यासारखे वाटत होते. वेग म्हणजे काय, हे भौतिकशास्त्र सांगते; उशीर म्हणजे काय, हे आजारी माणसाकडे निघालेल्यासच कळते. दुबईतील तीन तास आयुष्यातील सर्वांत लांब. हैदराबादेस रात्री अडीचला उतरलो. भाच्याने गाडी आणली होती. रविवारी सकाळी सवाआठ वाजता उमरग्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. फोन आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांना एक पाव तास कमी होता.

आईने डोळे उघडले. हात चाचपून आमची बोटे धरली आणि पहिला प्रश्न केला, "किती वेळ लागला?"

"दोन दिवस, आई."

ती थोडा वेळ बोलली नाही. तिचा हिशेब चालला असावा. मग म्हणाली, "मला सोलापूरहून कळून पोहोचेतो पाच दिवस लागले होते. म्हणजे तू सोलापूरपेक्षा जवळच होतास की रे."

आम्ही पुष्कळ भूगोल शिकविला, पण अंतराची याहून अचूक व्याख्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचली नाही.

आई त्या दुखण्यातून उठली. पुढे पाच महिने ती होती. पौषात, घरीच, आमच्या मांडीवर डोके ठेवून गेली. त्या पाच महिन्यांत आम्ही उमरग्याबाहेर मुक्काम केला नाही. प्रत्येकास इतके भाग्य लाभते असे नाही, हे आम्ही जाणतो. अठ्ठेचाळीस तास पुरले, ते आमचे कर्तृत्व नव्हे. ते तीन दिवस झाले असते, तर विज्ञान तेच राहिले असते, विमान तेच राहिले असते, आणि आमच्या घरी मात्र १९५६ सालचीच गोष्ट पुन्हा घडली असती.

म्हणून ज्यांची मुले दूर आहेत आणि ज्यांचे आईबाप मागे आहेत, अशा वाचकांस दोन शब्द सांगण्याचे धाडस करितो. आकाशातले तास मोजू नयेत, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचे मोजावे आणि त्यांत तिकीट मिळण्याचा वेळ धरावा. पासपोर्टाची व व्हिशाची मुदत संपू देऊ नये. ते कागद हाताशी असावेत. तातडीच्या प्रवासापुरते पैसे बाजूस ठेवावेत. गावातील भाऊबंदांशी गोडी ठेवावी; कारण आपण पोहोचेपर्यंतचे अठ्ठेचाळीस तास तेच आपले हातपाय असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात आमच्या भागातील लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. प्रथम धावून आला तो शेजारचाच माणूस. आणि आईवडिलांनी "किती वेळात येशील?" असे विचारले, तर "काळजी करू नका" असे मोघम न म्हणता खरा आकडा सांगावा. त्यांना आकडा समजतो, आणि त्याने धीरही येतो.

आईच्या वर्षश्राद्धानिमित्त शाळेस काही द्यावे असे मनात आले. कन्येस फोनवर विचारले. ती हसून म्हणाली, "बाबा, पृथ्वीगोल द्या. मोठा. आणि बरोबर एक दोरा द्या." तसाच पृथ्वीगोल आम्ही आणविला. देण्यापूर्वी एकदा घरीच ओसरीवर ठेवून उमरगे व सॅन फ्रान्सिस्को यांवर दोरा ताणून पाहिला. भिंतीवर जो समुद्रांवरून आडवा पसरत असे, तो गोलावर अलगद ध्रुवाकडे सरकला आणि आखूड झाला. तो दोरा आता त्या गोलाशेजारीच खुंटीला टांगलेला असतो. सहावीतल्या एखाद्या मुलीने प्रश्न विचारलाच, तर तिला खाली बसवू नये, अशी विनंतीही आम्ही तेथील शिक्षकांस करून आलो आहोत.